साडी-चोळी आणि सहीचा कागद



वडिलांचे तेरावे झाले की घरात कुजबुज सुरू होते. पाव्हणे पांगायच्या आत बहिणींच्या सह्या उरकून घ्या. मग ओट्या भरल्या जातात, साडी-चोळी होते आणि जीपमध्ये बसवून लेकींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले जाते. कागदाचे नाव हक्कसोडपत्र. त्यात लिहिलेले असते की सही राजीखुशीने केली.

या राजीखुशीचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

कायद्यात काही कमी नाही. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. तरी सही होते.

का होते? सासरी सातबारा नवऱ्याच्या नावे, नाहीतर सासऱ्याच्या. तिथे उद्या काही वाईट झाले तर तिला एकच दार, माहेरचे. त्या दाराची किल्ली भावाच्या हातात. सही नाकारली तर भाऊबीज गेली, लेकीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, आणि भावकी म्हणणार, ‘बहीण वाटा मागायला आली.’ तेव्हा ती जमीन सोडत नाही, माहेर राखण्याचा हप्ता भरते. जन्माचा हप्ता एकरकमी, आणि हातात पावतीसुद्धा नाही.

भावाचीही बाजू आहे. तीन एकर कोरडवाहू, कापूस-तुरीत खर्च निघायची मारामार. बहिणींची नावे राहिली की पीककर्जाला बँक प्रत्येकीची संमती मागते. एक बहीण पुण्याला, एक सुरतेला. पेरणी कोणासाठी थांबते? शेती तोट्याची म्हणून भाऊ कोता झाला, असे आपल्या चळवळीत म्हटले जाते, आणि ते बरेचसे खरे आहे. सगळे मात्र मला पटत नाही. जिथे जमिनीतून रस्ता जातो आणि भूसंपादनाचा मोबदला येतो, तिथे तर सह्यांची घाई दुप्पट असते.

(कृषी महाविद्यालयात आम्हाला मातीचा सामू काढायला शिकवले. सातबारा वाचायला कोणी शिकवले नाही. तो मी शेतकऱ्यांच्या ओसरीवर शिकलो.)

नाव राहणे म्हणजे बांध घालणे नव्हे. तुकडे न करता भाऊ बटईने किंवा खंडाने कसू शकतो. कर्जापुरते संमतीपत्र बहीण देऊ शकते. त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र नुसते मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि सख्ख्या भावावर तसा दावा लावायला कोणती बहीण धजावेल? म्हणून सहीच्या आधीच थांबायचे. वारसनोंदीत सगळ्या वारसांची नावे लागतात. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात. तेवढ्या दिवसांत कागद मोठ्याने वाचून घ्यावा, नवऱ्यासमोर नव्हे, भावासमोरही नव्हे, एखाद्या शिकलेल्या बाईकडून.

१९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. ते काम मोठेच. पण ज्या बाईचे सासरी नाव लागले, तिचे माहेरचे नाव खोडले गेले असेल तर तिची एक बाजू अजून उघडीच आहे. घरात दोन्ही प्रश्न एकदमच काढावे लागतील.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या खात्याचा आठ-अ आणि वडिलांच्या वारसनोंदीचा फेरफार सोबत आणावा. बहिणींची नावे कोणत्या साली, कोणत्या कागदाने कमी झाली, ते आधी घरी वाचून यावे. कार्यकर्त्यांनीही आणावा. पदाधिकाऱ्यांनी सर्वांत आधी.