पेटी कुणाची, मॅप कुणाचा?

बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात एप्रिलियाची आरएस ४५७ तयार होते. तिच्या इंजिनाची ताकद ३५ किलोवॉट. युरोपात ए-२ परवान्यावर याहून ताकदीची मोटारसायकल चालवता येत नाही, म्हणून कंपनी बरोबर तिथे थांबली. ताकद किती द्यायची हे असं हिशेबानं ठरतं. आमच्या भिगवण-इंदापूरकडच्या पोरांचा हिशेब मात्र एका प्रश्नात संपतो : "पेटी टाकली तर पिकअप किती वाढंल?"

ही ट्यूनिंगची पेटी इंजिनाचा कारभार बघणाऱ्या मूळ ईसीयूच्या वायरिंगमध्ये बसते, त्याचे हुकूम वाटेत अडवते आणि पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची हे बदलून पुढे धाडते. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सची पॉवरट्रॉनिक दोन्ही बदलते. त्यांचीच फ्युएलएक्स फक्त पेट्रोलकडे बघते. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलून गाडी अडखळत असेल, तर पेट्रोलचं प्रमाण सुधारणारी पेटी पुष्कळ झाली. ठिणगीचं टायमिंग पुढे ओढणं हे जोखमीचं काम. मे महिन्याच्या उन्हात सोलापूर हायवेला थ्रॉटल पिळून धरला आणि टायमिंग जरा जास्त पुढे असलं, की इंजिन नॉकिंग करू लागतं. मग पिस्टनचं बिल पेटीच्या किमतीवर जातं.

खरी मेख पेट्रोलमध्येच आहे. सोमेश्वर, माळेगाव अशा साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल निघतं आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता ते २० टक्के असतं, म्हणून त्याला ई-२० म्हणतात. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला जेमतेम ९. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर बेतलेला मॅप (किती पेट्रोल, कधी ठिणगी याचा तक्ता) ई-२० वर लीन पडतो, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, इंजिन तापतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक भरून काढतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की बहुतेक गाड्यांत त्याचं ऐकलं जात नाही. ई-२० साठी न बनवलेल्या जुन्या गाडीवाल्याला पेटी हवीशी वाटली, तर ते मला पटतं. पण मग तिच्यातला मॅप याच पेट्रोलवर बसवलेला हवा. परदेशी मित्रानं पाठवलेली फाईल लॅपटॉपवरून ढकलून देणाऱ्याला ट्यूनर कशाला म्हणायचं?

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच-४२ ची पाटी लावून रस्त्यावर फिरणाऱ्यानं आधी हे वाचावं, मग पेटीचा डबा फोडावा. चार चाकांच्या एटीव्हीला रस्ता तसाही बंद. ती शेतात नाहीतर रिसॉर्टच्या मैदानात फिरते, तिथं हौस भागवायला कुणाची हरकत नाही.

दुकानदार "दहा टक्के पॉवर वाढते" म्हणाला, तर त्याच्याकडे ताकद मोजणाऱ्या डायनोचे दोन कागद मागा : पेटीआधीचा आणि पेटीनंतरचा, तुमच्याच गाडीचे, पंपावरच्या ई-२० वर काढलेले. तो चहा मागवू लागला तर चहा प्या आणि घरी या.