दोन रेघांचे अक्षर

मलकपेठेतील मराठी मुलास दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू व उर्दू अशा दोन्ही लिप्या दिसतात. तेथे अक्षर म्हणजे ध्वनी. चिनी अक्षर अर्थही वाहते.

त्या लिपीतील ‘दहा’ हे अक्षर क्रुसाच्या आकाराचे आहे. क्रुसाचे चिनी नावही त्यावरूनच पडले. ते लिहिताना आडवी रेघ आधी, उभी मागाहून, असा नियम आहे. आपली शिरोरेषा मात्र शेवटी येते! क्रम पाळला म्हणजे हात अडखळत नाही व अक्षर तोलात उतरते. त्यालाच मध्यापासून खाली दोन तिरक्या रेघा दिल्या की ‘झाड’ होते. तीन झाडे म्हणजे अरण्य. झाडाशेजारी माणूस म्हणजे विश्रांती.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमींच्या शुश्रूषेसाठी चीनला गेले व ती भाषा शिकले. त्यांच्या चिनी नावातील पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगास हेच झाड आहे. तिसऱ्याचा अर्थ ‘चीन’. १९४२ साली, अवघ्या ३२व्या वर्षी, ते तेथेच निवर्तले.

परक्याची लिपी त्याच्याच क्रमाने गिरविण्यास नम्रता लागते. आज मुलांकडून पाटीवर हे अक्षर काढवून घ्यावे. आडवी रेघ आधी.