बेवारस म्हणण्याआधी

मे २०१२. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात, गागोदे गावाजवळच्या रानात एक जळालेला मृतदेह सापडला. गागोदे म्हणजे विनोबांचे जन्मगाव. पोलीस पाटलांनी पोलिसांना कळवले. पोलीस आले, काही अवशेष मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले. पण अकस्मात मृत्यूची साधी नोंदही झाली नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, मुंबईत वेगळ्याच प्रकरणात पकडलेल्या माणसाच्या जबानीतून कळले की ती शीना बोरा होती. सगळ्या देशाच्या वाहिन्या मग गागोद्यात उतरल्या.

गावाने आपले काम केले होते. फक्त कळवल्यानंतर 'साहेब, नोंदीचा नंबर काय?' एवढे विचारणारे कुणी मागे उरले नाही. हा प्रश्न विचारायला वकील लागत नाही. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम १७४ होते, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १९४ आहे. तोंडी सांगून गप्प बसू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

माणूस हरवला की घरचे आधी नातेवाइकांकडे फोन करत बसतात. मुलगी असेल तर 'लोक काय म्हणतील' यात दोन दिवस जातात, आणि आपल्या मोहल्ल्यांत हे जरा जास्तच होते. चोवीस तास थांबण्याचा कुठलाही नियम नाही. मूल हरवल्यास थेट गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच बजावले आहे. मशिदीच्या भोंग्यावरून घोषणा जरूर करा, पण ठाण्यात जाणे त्यानंतरवर ढकलू नका. मुलांसाठी १०९८, इतर मदतीसाठी ११२.

आता कर्जत. मध्य रेल्वेची लोकल आपल्याकडे कर्जत-खोपोलीला संपते. डब्यात उरलेला, स्वतःशी बोलणारा, केसांच्या जटा झालेला माणूस इथेच उतरतो. आपण त्याला 'वेडा' म्हणून बाजूने जातो. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांनी अशाच एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. उपचारांनंतर कळले की तो पदवीधर होता, पॅथॉलॉजी शिकलेला, आंध्रातल्या चांगल्या घरचा. त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन उभे राहिले. तिचे केंद्र आज आपल्या कर्जतमध्ये आहे. उपचार झाले की माणसाला गाव आठवते, मग संस्थेचे लोक त्याला घरी पोहोचवतात. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे मिळाला तोवर रस्त्यावरून उचललेल्यांची संख्या सात हजारांवर गेली होती. त्यातल्या कित्येकांच्या घरी कुणीतरी वर्षानुवर्षे वाट पाहत होते.

त्याच २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मोबाइलवरच्या अफवांनी आधीच भीती पसरवली होती. पुढे ढकलणारे बहुतेक तुमच्याच वयाचे असतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपण मदतच करतोय. हरवलेल्याचा फोटो ग्रुपवर टाकताना तारीख, पोलीस ठाणे आणि तक्रार क्रमांक नसेल तर थांबा. माणूस सापडला की तीच पोस्ट काढून टाका. घरी परतलेल्या मुलीचा फोटो दोन वर्षांनीही फिरत असतो, तिचे लग्न ठरत असताना.

नेरळ, कर्जत, खोपोली, चौक इथल्या प्रत्येक मोहल्ल्यात दोघे-तिघे एवढे करू शकतील: महिन्यातून एकदा जवळच्या ठाण्यात जाऊन बेपत्ता आणि अनोळखी मृतांचे सूचनाफलक वाचायचे, आणि कब्रस्तानात एखादी बेवारस मय्यत दफन करायची असेल तर ठाण्याकडे आधी विचारायचे, फोटो आणि डीएनए नमुना घेतलाय ना?