पान आपले, किल्लीही आपल्याच हाती



या सदरात एरवी खत-बियाणे आणि कीड-रोग यांच्या गोष्टी होतात. आज विषय वेगळा आहे. इंटरनेटवर आपल्या मालाचे किंवा आपल्या घरगुती पर्यटनाचे पान स्वतः कसे लिहावे आणि लिहून झाल्यावर ते कसे सांभाळावे, हे सांगणार आहे. “साहेब, हे आमच्या पोरांचे काम,” असे म्हणून पुढे जाऊ नका. पोरांचे काम म्हणून सोडून दिले की काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यात थोडी चूक माझीही होती.

पिरंगुटहून डावीकडे वळून मुठा गाव ओलांडले की टेमघर धरणाच्या अंगाने लवासाचा घाट लागतो. या वाटेवर माझ्या ओळखीचे एक कुटुंब आहे. आबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. भाताची खाचरे आहेत. थोडा आंबेमोहर आणि बाकी इंद्रायणी. लवासाचे चढ-उतार या घराने दारातून पाहिले. डोंगर फुटले, रस्ता झाला, २०१० साली पर्यावरण खात्याने बांधकाम थांबवायला सांगितले, २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. पण शनिवार-रविवारच्या पुणेकरांच्या गाड्या काही थांबल्या नाहीत. तेव्हा या मंडळींनी पडवीला लागून दोन खोल्या काढल्या. पिठले-भाकरी, तांदळाची भाकरी, जाताना पाच किलो तांदूळ, असा जोडधंदा सुरू झाला. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, त्यानंतर मीच त्यांना म्हणालो, “आबा, तुमची एक वेबसाइट करून घ्या.” करून कोणाकडून घ्यायची, तर शहरातला एक ओळखीचा मुलगा होता. “त्याच्यावर सोपवा आणि मोकळे व्हा,” हा सल्लाही माझाच.

मुलाने पान छान केले. हिरवेगार डोंगर, धबधबा आणि वर मोठ्या अक्षरांत “भर पावसात या, आमच्याकडे चिंब व्हा!” पैसे घेतले, नमस्कार केला आणि गेला. पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. घरात कोणी मागितला नाही, कारण मागायचा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हते.

मग जुलै २०२४ आला. त्या महिन्यातल्या अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. घाटात वाहने नेणे जोखमीचे झाले होते. आणि या घरचा फोन वाजत होता. “तुमच्या पानावर लिहिलंय भर पावसात या, मग आम्ही सकाळी निघू ना? बरोबर लहान मुलं आहेत.” सूनबाई एकेकाला समजावून दमली. तिने त्या मुलाला फोन लावला, तो लागेना. मला लावला. म्हणाली, “साहेब, नुसती एक ओळ बदलायची आहे. आमच्याच घराच्या पाटीवरची. आणि ती आम्हाला बदलता येत नाही.”

त्या रात्री दोन कुटुंबे विचारपूस न करता निघालीच. एक पिरंगुटहून परत फिरले. दुसरे अंधारात मुठ्यापर्यंत आले, तिथे कोणीतरी गाडी अडवून परत पाठवले. काही वाईट झाले नाही हे आपले नशीब. मला मात्र पुढे चार दिवस नीट झोप आली नाही.

पाऊस ओसरल्यावर मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. त्या मुलाचा पत्ता लागला, त्याने किल्ल्या दिल्या. त्यानंतर सूनबाई आणि मी असे दोघेही शिकलो. ती बारावी झालेली, मी बी.एस्सी. कृषी. लवकर कोण शिकले ते विचारू नका.

त्यांचे पान वर्डप्रेस नावाच्या प्रणालीवर आहे. ही प्रणाली २००३ साली निघाली. ती फुकट आहे आणि तिचे पडदे मराठीतही करून घेता येतात. पैसे लागतात ते जागेचे आणि नावाचे, म्हणजे आपले पान जिथे साठवले जाते त्या संगणकाचे भाडे आणि पत्त्याची वार्षिक फी. लिहिण्याच्या जागेला एडिटर म्हणतात. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यात तुकड्या-तुकड्यांनी लिहिण्याची रीत आली. परिच्छेद हा एक तुकडा, छायाचित्र दुसरा, दराचा तक्ता तिसरा. आबांना मी खाचरांचे उदाहरण दिले. प्रत्येक खाचराला आपला बांध. एकात चिखलणी केली म्हणून शेजारचे गढूळ होत नाही. वरचा तुकडा खाली न्यायचा तर बाणावर बोट ठेवायचे. आबा म्हणाले, “खाचरं अशी सरकवता आली असती तर भावकीत एवढी भांडणं झाली नसती.”

आता लिहिण्याविषयी. डावीकडच्या यादीत ‘पाने’ आणि ‘पोस्ट’ असे दोन वेगळे रस्ते दिसतात. नवखा माणूस इथेच चुकतो. जे वर्षभर खरे राहते ते पानावर घालावे. आपण कोण, शेत कुठे, वाट कशी, तांदूळ कोणता. जे तारखेचे आहे ते पोस्टमध्ये. “यंदाचा नवा तांदूळ आला”, “लावणी सुरू झाली, बघायला या.” पोस्ट तारखेने एकाखाली एक लागतात आणि जुनी आपोआप मागे सरते. त्या मुलाने पावसाची हाक कायमच्या पानावर, तीही शीर्षकात घातली होती. ती बाराही महिने ओरडत राहिली.

लिहायला सुरुवात केली की मजकूर आधी ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्चा राहतो. हा आपला राब समजा. रोप तिथे वाढू द्यावे, लावणीची घाई करू नये. लिहिलेले रात्री घरात सगळ्यांना वाचून दाखवावे. सूनबाईने लिहिले होते, “लवासापासून दहा मिनिटे.” आजी चुलीपासून म्हणाल्या, “कोणाची दहा मिनिटं? पावसात धुकं पडलं की अर्धा तास लागतो.” ओळ बदलली. ‘पब्लिश’चे बटण त्यानंतर दाबले. तांदळाच्या बाबतीतही तेच. सगळाच आंबेमोहर म्हणून लिहिला असता तर चार पैसे अधिक मिळाले असते. पण आबांनी स्वच्छ लिहायला लावले की आंबेमोहर थोडा असतो, संपला की संपला, इंद्रायणी मात्र भरपूर आहे. आंबेमोहराच्या नावाखाली भलताच तांदूळ विकणारे बाजारात थोडे नाहीत. त्यात आपली भर नको.

मराठी लिहिताना एक अडचण येते. ज्यांच्याकडे डीटीपीवर केलेली जुनी पत्रके आहेत त्यांनी तो मजकूर उचलून इथे चिकटवू नये. जुन्या फॉण्टांची अक्षरे आतून इंग्रजीच असतात, वरून मराठीचा सदरा घातलेला. इथे आली की सदरा निघतो आणि नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्येच लिहावे. मोबाईलचा मराठी कळफलक युनिकोडच असतो. टंकायचा कंटाळा असेल तर कळफलकावरच्या माइकला बोलून सांगा, तो लिहून घेतो. मात्र नंतर वाचा. आबांनी “हातसडीचा” म्हटले ते भलतेच उमटले होते, इथे सांगत नाही.

छायाचित्रांचे सांगतो, कारण आमचा अर्धा दिवस त्यातच गेला. आजच्या मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे बारा फोटो पानावर टाकले की घाटात, जिथे रेंज एका काडीवर असते, तिथे पान उघडतच नाही. पाहुणा कंटाळतो आणि शेजारच्याचे पान पाहतो. फोटो आधी लहान करावा. रुंदी बाराशे ते सोळाशे ठिपके पुरे, वजन दोन-तीनशे केबीच्या आत. प्रत्येक फोटोसाठी ‘पर्यायी मजकूर’ अशी एक चौकट असते, ती रिकामी सोडू नये. फोटो उघडला नाही तर तिथे ते शब्द दिसतात, आणि ज्यांना दृष्टी नाही त्यांना मोबाईल ते वाचून दाखवतो. “फोटो १” असे लिहू नका. “आजी उखळात भात कांडताना” असे लिहा. आणि दुसऱ्याचा धबधबा आपला म्हणून लावू नका. त्या मुलाने लावलेला धबधबा मुळशी तालुक्यातला नव्हताच, हे आबांनी दोन वर्षांनी पाहिले!

पानाला पत्ता असतो. शीर्षक मराठीत दिले की पत्ताही मराठीत बनतो. तसा तो दिसायला छान, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्याची चिन्हे आणि आकड्यांची हातभर लांब माळ होते आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. म्हणून शीर्षक मराठीच ठेवा, पण पत्त्याच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एक लहान शब्द घाला. तो एकदा ठरला की बदलू नका. बदलला तर ज्यांनी जुना जपून ठेवला आहे त्यांना दार बंद दिसते.

काही बिघडले तर घाबरू नये. एडिटर जुन्या आवृत्त्या ठेवतो, मागची काढून पुन्हा लावता येते. काढून टाकलेले पान कचऱ्याच्या पेटीत साधारण तीस दिवस राहते, त्याच्या आत परत आणता येते. नातवाने खेळता खेळता तांदळाचे पान उडवले होते, ते असेच परत मिळाले. तेव्हापासून नातवाचे वेगळे खाते केले आहे. या प्रणालीत माणसागणिक अधिकार देता येतात. कोणी नुसते लिहील पण प्रसिद्ध करणार नाही, कोणी दोन्ही करील. नातू लिहितो, सूनबाई पाहून बटण दाबते. शेतकरी गटाचे पान असेल तर हे पहिल्या दिवशीच ठरवावे. सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरला की चूक कोणाची हे कधीच कळत नाही.

आता किल्ल्यांचे. पान कोणीही करून देवो, तीन गोष्टी घरात लिहून ठेवा. पत्त्याचे नाव कोणाच्या नावावर घेतले आहे, जागेचे भाडे कोणाकडे भरायचे, आणि मुख्य अधिकाराचे खाते कोणाच्या ईमेलवर आहे. तिन्ही ठिकाणी घरचेच नाव, घरचाच फोन, घरचाच ईमेल असावा. सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव आपण चालवून घेऊ का? ज्यांचे पान आधीच दुसऱ्याच्या हाती आहे त्यांनी भांडण न करता, चहा पाजून, हे बदलून घ्यावे. फीची तारीख चुकली तर नाव हातचे जाते, दुसराच कोणी ते घेतो, आणि मग आपली छापलेली तांदळाची पिशवी भलत्याच दुकानाची जाहिरात करते.

ईमेल जुन्या मोबाईलवरच राहिला आणि मोबाईल खाचरात पडला, असेही एका गावात झाले आहे. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. भिंतीवर मात्र नको, आपल्याकडे पाहुणे उतरतात.

सूनबाईने आता पानाच्या अगदी वर एक लहानशी चौकट केली आहे. “आज वाट कशी आहे”, पुढे तारीख आणि एक-दोन ओळी. पावसाळ्यात ती सकाळी दूध काढून झाले की मोबाईल घेते, आबांना विचारते, “आबा, घाट कसा आहे?” आबा दारात उभे राहून डोंगराकडे पाहतात, दूध घेऊन गेलेल्या गाडीवाल्याला फोन करतात आणि सांगतात ते ती लिहिते. गेल्या पावसाळ्यात त्या चौकटीत बरेच दिवस एकच मजकूर होता, “आज येऊ नका. तांदूळ हवा असल्यास फोन करा, पिरंगुटपर्यंत पोहोचवू.” त्या दिवसांत तांदळाची मागणी खोल्यांपेक्षा जास्त आली. नव्या आंबेमोहराची पोती बांधायला सुताची दोरी कमी पडली, ती मी पौडहून येताना नेऊन दिली.