पाचट पेटवायचं आणि चिखलाला रडायचं



परवा एका पाव्हण्याचा फोन आला. "कोंबड्यांच्या आवारात घोट्याएवढा चिखल झालाय. कोबा करून घेऊ का?" त्याआधी त्याला कुणी मुरूम सांगितला, कुणी चुना टाक म्हणालं. सगळं विकतचं. त्याच्याच रानात उसाचं पाचट पडतं, त्याचं नाव कुणी काढलं नाही. म्हणून आज स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ द्या.

चिखल पावसानं होत नाही, उघड्या मातीनं होतो. त्याच पावसात बांधावरच्या हरळीत पाय रुतत नाही आणि चार पावलांवर आवारात चप्पल अडकून बसते. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, वरून कोंबड्या दिवसभर तुडवतात. एक कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम घाण टाकते. 100 कोंबड्यांची झाली रोजची 10 किलो. निम्मी रात्री खुराड्यात पडली तरी निम्मी आवारातच. त्याला आपण चिखल म्हणतो, पण तो उघडा उकिरडा आहे.

रक्ती हगवण तिथूनच येते. विष्ठेतून पडलेल्या जंतूला ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तो रोग द्यायला तयार होतो. मग आपण औषधाला पळतो, पण ओल तशीच राहते.

आता विकतच्या उपायांचं बघू.

मुरूम काळ्या मातीवर नुसता पसरला तर पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत खाली जातो. पैसे मातीत, अक्षरशः. चुना ओल्या विष्ठेवर टाकला की अमोनिया उसळतो. डोळे आपले चुरचुरतात, कोंबडी तर जमिनीलगत श्वास घेते. आणि कोबा? खुराड्यात असू द्या, धुता येतो. पण मोकळ्या आवारात कोबा केला की उकरणं बंद, धुळीत लोळणं बंद, वर निसरडा थर. मग ती मोकळी कोंबडी कसली?

मी शहाणा आहे म्हणून हे सांगत नाही. माझ्याच रानात ऊसतोड झाली आणि मी पाचटाला काडी लावली. "रान लवकर मोकळं होतंय" म्हणून. एकरी तीन-चार टन माल अर्ध्या तासात राख. त्याच वर्षी, 2025 च्या सप्टेंबरात, आपल्या परंडा-भूम भागात काय पाऊस झाला ते सांगायची गरज नाही. पाणी ओसरल्यावर आवारात टाकायला कोरडं असं मूठभर काही नव्हतं. 31 तलंगा गेल्या. पावसानं किती मारल्या आणि मी किती मारल्या, हा हिशोब मी अजून करतोय.

आता काय करतो ते सांगतो.

पहिलं, पत्र्याचं पाणी बाहेर. 10 बाय 20 फुटांच्या पत्र्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की सव्वानऊशे लिटर पाणी होतं. ते थेट आवारात सोडायचं आणि मग चिखल का झाला म्हणायचं! पन्हळ लावा, पाणी चरानं लांब काढा. सोनारीकरांनो, पन्हळ तारेनं घट्ट आवळा. भैरवनाथाची माकडं पत्र्यावर आली की नुसत्या खिळ्यावर ती टिकत नाही.

दुसरं, झाकण. खाली तुराट्या आडव्या-उभ्या, वर अर्धा फूट पाचट, वीतभर तुकडे करून. दाबून सपाट झालं की आणखी टाका. सोयाबीनचं भुसकट एकटं नको, ते भिजून गोळा होतं. कडबा तर नकोच, तो जनावरांचा. बुरशी आलेला माल अजिबात नको, ती फुफ्फुसात जाते. वरून मूठभर ज्वारी फेका, कोंबड्या स्वतः खालीवर करतात.

तिसरं, आवाराचे दोन भाग. एक चालू, एक विश्रांतीला. रानात आपण जिच्या मुळावर उठतो, ती हरळी इथं वाढू द्या. पण कोंबडी सोडण्याआधी तिला मूळ धरू द्या, नाहीतर आठवड्यात परत उघडी माती.

खोटं बोलत नाही, शेजारच्या रानाचं पाणीच आत शिरलं तर कुठलंच पाचट टिकणार नाही. खोलगट जागेवर आवार असेल तर आधी जागा बदला किंवा भराव टाका.

पण रोजच्या पावसाला हे पुरतं. शिवाय पावसाळा संपला की तोच काळा झालेला थर कुजवून रानात जातो. कोब्यातून काय निघणार?

तेव्हा ह्या तोडणीला काडी खिशातच ठेवा. चार गंजी पाचट कोरडं झाकून ठेवा, जून लांब नाही. आणि पेटवायचंच असेल तर पुढच्या पावसाळ्यात चिखलाचे फोटो पाठवू नका.