मणिकर्णिकेवरचा आंबा

काशीला नावेतून घाट पाहत निघाले, की मणिकर्णिकेपाशी आधी नजरेत भरतात ती लाकडे. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेला हा घाट. इथे रात्रंदिवस चिता जळत असतात. ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि मोठ्या तराजूवर मणाच्या हिशेबाने लाकूड तोलून मिळते. एका चितेला तीनशे किलोच्या आसपास लागते. चंदनही मिळते, पण ते आपल्यासारख्यांच्या ऐपतीबाहेरचे. एखादा तुकडा वर ठेवून समाधान मानायचे. सामान्य माणूस बहुधा येतो तो आंब्यावर.

आंबाच का? एक तर होमहवनात चालणारे हे लाकूड पवित्र मानलेले. दुसरे कारण व्यवहाराचे. सागासारखे ते टिकत नाही, वाळवी आणि भुंगा लवकर लागतो. म्हणून त्याची खोकी होतात, स्वस्तातल्या फळ्या होतात, कोकणात लहान होड्या होतात. उरलेले सरपणाला.

झाड मात्र स्वस्त नाही. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते, पण कोयीपासून वाढलेल्या रायवळला आठ-दहा वर्षेही लागतात, आणि चितेपुरते लाकूड द्यायला त्याहून कितीतरी अधिक. बनारसच्या लंगड्या आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते झाडांच्याच जिवावर ना!

रामचंद्रपंत अमात्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त त्यांनी बजावले, की आरमाराला आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी असले तरी त्याला हात लावू नये. रयतेने ही झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. आजही महाराष्ट्रात आंबा तोडायला १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते.

कोकणात घरचे कुणी गेले, की परसातला आंबा तोडण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्या आत्याने तर विहिरीजवळचा रायवळ स्वतःसाठी नेमूनच ठेवला होता. ती गेली ती चैत्रात, झाड कैऱ्यांनी लगडलेले असताना. कुऱ्हाड घेऊन आलेल्या गड्याला काकांनीच परत पाठवले, आणि लाकूड तालुक्याच्या वखारीतून आणले.

तेही आंब्याचेच निघाले.