टेम्पो घेण्यापूर्वीचे गणित

परवा सुतारकाम करणारा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दारे-खिडक्या घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीपर्यंत त्याच्या फेऱ्या होतात. भाड्याला कंटाळून स्वतःचा डिझेल टेम्पो घ्यावा म्हणतो. पहिल्या रकमेसाठी आईच्या पाटल्या गहाण पडणार, म्हणून विचारावयास आला. "सर, लिटरला १५ किलोमीटर देणारा घेऊ की १८ देणारा?" अठराचा टेम्पो ६०,००० रुपयांनी महाग.

मुख्याध्यापकाला गणित घातल्यावर तो थोडाच सोडतो! महिन्याला १५०० किलोमीटर धाव धरली, तर १०० लिटरऐवजी ८३ लागतील. लिटरला ९० रुपये धरल्यास सुमारे १५०० रुपयांची बचत; म्हणजे वाढीव किंमत फिटावयास ४० महिने. धाव ५०० किलोमीटरच असेल, तर १० वर्षे! तो एकदम गप्प झाला.

"पण अरे, हे अठरा मोजले कुणी?" जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीतला, भरल्या टेम्पोला घाटात तो कसा लागू पडावा? २००५ साली आलेला 'छोटा हत्ती' दोन सिलिंडरांच्या इंजिनावर गल्लीबोळांतून काटकसरीने फिरतो. तथापि चढावर भार वाढला की कोणतेही लहान इंजिन खालच्या गिअरवर डिझेल पिते.

म्हणून त्यास सांगितले, दोन्ही जातींचे टेम्पो एकेक दिवस भाड्याने घे. टाकी काठोकाठ भर, नेहमीचा माल लाद, साखळीला जाऊन ये, त्याच पंपावर पुन्हा भर आणि भागाकार कर.

पहिली फेरी सोमवारी आहे. पाटल्या तूर्त आईच्याच हातात आहेत.